घरची कामठी

धनुष्य हा शब्द आमच्या भागात कॅलेंडरवरच्या रामापुरता. सातपुड्याच्या पायथ्याला, शहादा-तळोद्याकडे, माणसाच्या हातात असते ती कामठी. तीर आणि कामठा मिळून तिरकामठा. पतंगाला आपण बांबूची कामटी लावतो, टोपलीवाले कामट्या काढतात, तो शब्द आणि हा शब्द एकाच घरचे असावेत असं मला नेहमी वाटतं. जाणकार तर पुढे जाऊन सांगतात की दक्षिणेकडच्या भाषांत बिल, विल म्हणजे धनुष्य, आणि भिल्ल हे नाव त्यावरूनच पडलं. म्हणजे अख्ख्या जमातीचं नाव एका वस्तूवरून. कुणब्याला कोणी नांगर म्हणत नाही.

मी भिल्ल नाही, शेतकरी आहे. पण कामठी करायला शिकलो ते आमच्या सालदारांकडून. त्यांचं गाव वर डोंगरात, पण दर आखाजीला साल ठरलं की बिऱ्हाड आमच्या मळ्यात. वडील त्यांना नावानं हाक मारत. आईनं आम्हा पोरांना मामा म्हणायला लावलं, म्हणून ते मामा. ते मला भाऊ म्हणायचे, मी आठ वर्षांचा असल्यापासून. मालकाच्या पोराला तसंच म्हणायची पद्धत होती. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांच्या घरची माणसं आहेत, त्यांनी लिहायचं तर लिहावं.

कामठी कशी होते ते आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पहिली गोष्ट बांबूची. जाड पोकळ कळक चालत नाही. मानवेल पाहिजे, ज्याला आतून पोकळी कमी, भिंत जाड. बेटातला कोवळा कोंब दिसायला सरळ आणि हिरवागार असतो, पण त्याच्यात पाणी फार. तो वाळला की आक्रसतो, वाकतो. तीन पावसाळे पाहिलेला बांबू निवडायचा. ओळखायचा कसा? अंगावरचं टरफल गळून गेलेलं असतं, हिरव्यात पिवळट झाक येते, आणि कोयत्याच्या पाठीनं ठोकला तर आवाज भरीव येतो. मामा डोळे मिटून ठोकायचे. तोड दिवाळीनंतर, थंडीत. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूत गोडी असते, ती किड्याला आवडते, सहा महिन्यांत भुसा पडायला लागतो. त्यातही अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा असं ते म्हणायचे. चंद्राचं खरं किती ते मला सांगता येणार नाही, थंडीचं मात्र शंभर टक्के खरं. आमच्या गोठ्याच्या वाशांवर मी ते स्वतः पाहिलं आहे.

तोडलेला बांबू लगेच फोडायचा नाही. काही दिवस नाल्याच्या वाहत्या पाण्यात दगडाखाली दाबून ठेवायचा, मग चुलीच्या वर, आढ्याला. महिना दीड महिना धूर खाल्ला की तो तांबूस होतो आणि किडा त्याच्याकडे फिरकत नाही. शहरातले लोक आता बांबूला औषध मारतात. आमच्याकडे ते काम चुलीनं फुकटात केलं.

मग फोडणं. शेंड्याच्या बाजूनं कोयता लावून उभी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी फाकवत न्यायची. करवतीनं कापलं तर धागा तुटतो, फोडलं तर धागा आपल्या वाटेनं जातो. दोन बोटं रुंद, साधारण आपल्या छातीपर्यंत लांब अशी पट्टी काढायची. तिची चकचकीत बाहेरची बाजू ती पाठ. तिला हत्यार लावायचंच नाही. मामांचं एकच वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं आहे:

"भाऊ, पाठले सुरी लावानी नई."

बांबूची सगळी ताकद त्या पाठीत असते. धागे तिथे दाट असतात, आत जाल तसे विरळ. मामांची रीत अशी की ओढताना ती पाठ समोर, शिकारीकडे, आपल्याकडे पोट. तासायचं ते पोट. मुठीत मधोमध जाड ठेवायचं आणि टोकांकडे हळूहळू पातळ करत न्यायचं. आधी विळ्यानं, मग सुरीनं, शेवटी फुटक्या बाटलीच्या काचेनं. काच खरवडते तेव्हा पीठ निघतं, पापुद्रा नाही. तिथून पुढचं काम पिठाचं.

खरी परीक्षा तोलाची. कच्ची दोरी बांधायची, थोडं ओढायचं, आणि दुसऱ्यानं लांबून बघायचं. एक बाजू कमी वाकते, एक जास्त. जी ताठ राहते तिचं पोट थोडं खरवडायचं. परत ओढायचं. परत बघायचं. जी जास्त वाकते तिला हात लावायचा नाही, कारण काढलेलं परत लावता येत नाही. दिवसाला थोडं थोडं ओढ वाढवत न्यायची, म्हणजे बांबूला सवय होते. पहिल्याच दिवशी कानापर्यंत ओढाल तर पोटाला आडव्या सुरकुत्या पडतात आणि कामठी कायमची मऊ होते. मी पाहणारा, मामा ओढणारे. मला वाटायचं झालं आता, ते म्हणायचे, "घाई कर तं चुल्हामा जाई." चार-पाच संध्याकाळी त्यात जायच्या. एखादी बाजू ऐकतच नसेल तर निखाऱ्यावर पोट शेकून हातानं दाबायची, थंड होईपर्यंत धरून ठेवायची. बांबू तापला की मेणासारखा ऐकतो, थंड झाला की तिथेच राहतो.

दोरीबद्दल सांगितलं की लोकांना नवल वाटतं. ती दोरीही बांबूचीच. पाठीची अगदी पातळ चिवट सालपट्टी, कामठीएवढी लांब, कडा गुळगुळीत केलेली. दोन्ही टोकांना तातीचे नाहीतर वाखाचे फास, ते कामठीच्या खाचेत अडकतात. जनावराच्या आतड्याची तात ताकदीची खरी, पण पावसात सैल पडते. आणि डुकरं ज्वारीत येतात ती पावसाळ्यातच. बांबूच्या दोरीला ओल बाधत नाही. सोडताना तिचा आवाज वेगळा येतो, टणत्कार वगैरे नाही, कोरडा टक्क असा.

तीर नदीकाठच्या बोरूचे. वाकडा बोरू निखाऱ्यावर फिरवत सरळ करायचा, एक डोळा मिटून टोकाकडून बघायचा. शेपटीला गळून पडलेली मोराची पिसं फाडून दोऱ्यानं आवळायची, वर डिंक. पाखरांसाठी तीर बोथट, पुढे लाकडाचा गट्टू. पाखरू नुसतं धक्क्यानं खाली येतं, मांस फाटत नाही. मोठ्या जनावराला लोखंडी फाळ. या सगळ्या खटाटोपात बाहेरून आणायची वस्तू ती एवढीच, लोखंडाची. ती लोहाराकडून. पैसे नाहीत, पायलीभर ज्वारी.

धरायची पद्धतही वेगळी. तीर आणि दोरी पहिल्या दोन बोटांत, अंगठा बाजूला. एकलव्यानं अंगठा दिला म्हणून आम्ही अंगठा लावत नाही, असं मामा सांगायचे आणि डोंगरात कोणालाही विचारा, हेच सांगतील. जगात इतर ठिकाणीही बोटांनी ओढतात हे मी पुढे वाचलं. पण अंगठा वापरता येत असून न वापरणं आणि त्याचं कारण पोराला सांगणं, ही आठवण जपण्याची एक तऱ्हा आहे. लिहिता न येणाऱ्यांनी बोटांत इतिहास ठेवला.

लाकडाची कामठी आमच्या बाजूला क्वचित. करायचीच तर धामणीची. हे झाड साप नव्हे, नाव तेवढं एक. तिचं लाकूड वाकतं पण मोडत नाही, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे आणि गाडीचं सामान तिचं. संस्कृतात तिला धन्वन म्हणतात, म्हणजे जुन्या लोकांनाही तिचा उपयोग ठाऊक असावा. पण धामणीचं झाड तोडावं लागतं. मानवेलीचं एक बांबू काढलं तर बेट तिथेच राहतं आणि पावसाळ्यात नवे कोंब देतं.

आता एवढी घरगुती वस्तू सरकारच्या डोळ्यात का आली?

१८१८ ला पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला. सपाटीवरचा शेतसारा त्यांना मिळाला, डोंगर मिळाला नाही. भिल्लांचे नाईक घाट राखत, वाटसरूंकडून हक्क घेत. इंग्रजांनी आधी फौज पाठवली, ती तापानं आणि चढानं दमली. मग १८२५ ला एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना औट्रॅम नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. हा औट्रॅम वाघाच्या शिकारीसाठी प्रसिद्ध. त्यानं शिकारीच्या नादानंच भिल्लांशी ओळख वाढवली असं सांगतात. हुशारी अशी की ज्यांच्या हातात कामठी होती त्यांच्याच हातात सरकारी बंदूक दिली. कामठी घरी करता येते, दारूगोळा घरी करता येत नाही. बंदूक घेतली की माणूस कोठाराशी बांधला गेला.

तरी सगळे बांधले गेले नाहीत. खाज्या नाईक सेंधव्याच्या घाटाचा रखवालदार होता, कंपनीच्याच नोकरीतला. १८५७ ला तो आणि भीमा नाईक उठले. १८५८ च्या एप्रिलात अंबापाणीला मोठी लढाई झाली. शाळेच्या पुस्तकात आम्हाला झाशी शिकवली, मेरठ शिकवलं. अंबापाणी आमच्या गावाहून एका दिवसाच्या वाटेवर, ते कोणी शिकवलं नाही. मामांना माहीत होतं.

वीस वर्षांनी आलं १८७८ साल. आमच्या भागाच्या इतिहासात एकच वर्ष लक्षात ठेवायचं तर मी हे सांगेन. त्या एका वर्षात दोन कायदे झाले. एक हत्यारांचा. त्यात हत्यार म्हणजे काय याची यादी आहे: बंदुका, संगिनी, तलवारी, खंजीर, भाले, आणि त्याच ओळीत धनुष्यबाण. दुसरा कायदा जंगलाचा. राखीव जंगलातून परवानगीशिवाय काही काढणं गुन्हा झाला. म्हणजे एका कायद्यानं कामठी हत्यारात गेली आणि दुसऱ्यानं तिचा बांबू सरकारजमा झाला. दोन्ही कायदे लिहिणाऱ्यांनी एकमेकांना विचारलं असेल नसेल, डोंगरातल्या माणसाला दोन्ही बाजूंनी एकच दार बंद झालेलं दिसलं.

सगळ्या कामठ्या गोळा करून जाळल्या असं काही झालं नाही. सूट देण्याची मुभा कायद्यातच होती, आणि सातपुड्यात घरोघर कामठ्या राहिल्याच. पण फरक पडला तो असा की जी वस्तू हक्काची होती ती मेहेरबानीची झाली. साहेब खूश तर चालतंय, साहेब नाराज तर गुन्हा. असा कायदा रोज वापरावा लागत नाही. तो नुसता असला की पुरतो.

स्वातंत्र्यानंतर १९५९ ला हत्यारांचा नवा कायदा आला. त्यात काठी आणि फक्त घरच्या, शेतीच्या कामाच्या वस्तू वगळल्या आहेत. माझा विळा त्यामुळे सुटला. वास्तविक विळ्यानं माणूस मरू शकतो आणि कामठीनं माझी ज्वारी राखली जाते. पण कोणाच्या हातात काय आहे त्यावर ते अवजार की हत्यार हे ठरतं.

मामांच्या बाबतीत ठरलं ते असं. मी दहावीत होतो, म्हणजे नव्या दहावीची पहिली बॅच, १९७५. थंडीत मामा घरी जाऊन परत येत होते, खांद्यावर कामठी आणि दोन मानवेल. वाटेत एका खाकीवाल्यानं अडवलं. बांबू ठेवून घेतले. कामठीचे कोयत्यानं दोन तुकडे केले, आणि दंड लावला. वडिलांनी जाऊन पैसे भरले, मामांना आणलं. ते पैसे मग सालातून वळते झाले. तशीच रीत होती, सगळीकडे तशीच होती, आणि मामांनीही त्यावर काही बोलून दाखवलं नाही. एवढंच की त्या वर्षी त्यांनी दुसरी कामठी केली नाही. पुढल्या थंडीत केली.

त्याच्या तीन वर्षं आधी, ७२ ला, दुष्काळ होता. त्याच वर्षी वन्यजीवांचा कायदा झाला आणि पुढे दुरुस्त्या होत होत शिकार जवळपास पूर्ण बंद झाली. ती बंद झाली हे बरंच झालं, मी त्याच्या विरुद्ध बोलणार नाही. पण एक गोष्ट नमूद करतो. सातपुड्यातली जनावरं कामठीनं संपली नाहीत. कामठीचा मारा वीस-पंचवीस पावलांचा. एवढ्या जवळ जायला माणसाला वारा कळावा लागतो, पाचोळ्यावर पाय कसा ठेवायचा ते कळावं लागतं, आणि दहातल्या आठ वेळा रिकामं परत यावं लागतं. जनावरं संपली ती जीपमधून बॅटरीच्या उजेडात बंदुका चालवणाऱ्यांनी, आणि जंगल साफ झाल्यानं. शिक्षा मात्र सर्वांना सारखी. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासींना बऱ्याच गोष्टी परत मिळाल्या, बांबूही गौण वनउपजात आला. शिकारीचा पारंपरिक हक्क मात्र स्पष्ट शब्दांत वगळला आहे. आणि माझ्या मक्यात डुकरांचे कळप आता पूर्वीपेक्षा जास्त येतात. आम्ही फटाके लावतो, साड्या बांधतो. डुकरं साड्यांना ओळखायला लागली आहेत.

कामठीचं फार कौतुकही नको. तिनं भांडणात माणसं मेली आहेत, पाड्यापाड्यांतल्या वैरात रात्री तीर चालले आहेत. मामांच्या पोटरीवर जुनी खूण होती, ती जनावराची नव्हती. विचारलं तर हसायचे.

नंतर सरदार सरोवर आलं. महाराष्ट्रातली ३३ गावं त्याच्या पाण्याखाली यायची होती, अक्कलकुवा आणि अक्राणीतली. बरीच माणसं खाली तळोदा-शहाद्याच्या सपाटीवर येऊन राहिली. सामानाच्या ट्रकवर कणग्या, कोंबड्या, देव, आणि बाजूला बांधलेल्या कामठ्या मी पाहिल्या आहेत. इथे घर मिळालं, जमीन मिळाली, काहींना चांगली, काहींना खडकाळ. मानवेलीचं बेट मिळालं नाही. कामठी जुनी होऊन तडकली की नवी कशाची करायची? कोणी मेलेल्या नातेवाइकाची जपून ठेवली, कोणी प्लास्टिकच्या दोरीवर भागवली. होळीला वर काठीला जावं तर अजून हातात तिरकामठे दिसतात, उंच बांबूची होळी उभी राहते, रात्रभर ढोल वाजतात, पहाटे ती पेटते. पण हल्ली पुष्कळ कामठ्या नाचण्यापुरत्या असतात. मी एक-दोन हातात घेऊन पाहिल्या. पाठ तासलेली. वरून सोनेरी कागद.

राजस्थानातला लिंबाराम लहानपणी बांबूच्या कामठीनं पाखरं मारायचा आणि पुढे भारतातर्फे तीन ऑलिंपिकला गेला, १९८८, ९२ आणि ९६. आमच्या तालुक्यातल्या एका शाळेत त्यावरून तिरंदाजीचा वर्ग काढायचा विचार झाला. धनुष्याची किंमत ऐकून तो विचार तिथेच थांबला. कोणी म्हणालं नाही की दोन किलोमीटरवर एक म्हातारा फुकटात करून देतो. मामा तेव्हा होते.

ते गेल्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या मुलानं साल कधी केलं नाही, तो ऊसतोडीला जायचा. नातू सुरतला कारखान्यात होता, आता घरची जमीन बघतो. आणि प्रकार असा झाला आहे की त्यांच्या घरची विद्या त्यांच्या घरात राहिली नाही, माझ्याकडे राहिली. मुलगा सहा सहा महिने बाहेर, संध्याकाळी खरवडत बसायला वेळ कोणाला. मी मालकाचा पोरगा, मला बसायला वेळ होता, म्हणून माझ्या हातात ती आली. मला हे नीट वाटत नाही, पण आहे ते आहे.

मी बांधावर मानवेल लावली आहे. २०१७ ला कायदा बदलला, जंगलाबाहेरचा बांबू आता झाड धरत नाहीत, तोडायला परवाना लागत नाही. पहिली बेटं आता भरली आहेत. मागच्या दिवाळीनंतर मामांच्या नातवाला बोलावलं. तो आला, मोबाईलवर काढून न्यायचं म्हणाला. मी म्हटलं, काढ, पण आधी हा कोयता घे आणि ठोकून बघ. त्यानं तीन बांबू ठोकले, चौथ्याला थांबला. बरोबर थांबला होता. ते चार बांबू आता नाल्यातून काढून आमच्या मागच्या चुलीवर आढ्याला आहेत. पाणी तापवायला ती चूल आम्ही ठेवली आहे, गॅस आला तरी. संक्रांतीनंतर फोडायला घ्यायचे ठरलं आहे. त्याची बायको विचारत होती, हे करून मारायचं काय? कडब्यानं भरलेलं पोतं बांधलं आहे गोठ्यामागे, पंचवीस पावलांवर.